मालकांचं खानदानी प्रेशर

जवळ सरक वं जराशी. कागदावरच का होईना, पण सरक. मोठ्यानं ओरडून सांगायचं माझं वय राहिलं नाही. दिवाळीत आलीस ती दारातच उभी. "काकू, ऑटो थांबला आहे" म्हणालीस, अनारसा तोंडात कोंबलास आणि मी कपाटातून प्रेशरचं मशीन काढेपर्यंत फाटकाबाहेर पडलीस. वरून हसत काय म्हणालीस? "मले काय होते काकू, मी तर काडी आहे." असं बोलतात का मोठ्या माणसाशी? तुझी आई दोनदा निरोप देऊन चुकली की पोरगी ऐकत नाही, डोकं दुखलं की कपाळाला बाम चोळते आणि कामावर जाते. आईचं ऐकत नाहीस तर माझं ऐक. मी काही रागावले नाही. थोडी रागावले.

ते काडीचं वाक्य मी पहिल्यांदा तुझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलं, तुझ्या आईबद्दल. तेव्हा तू तिच्या पोटात होतीस, आणि त्या वाक्यापायी तुम्ही दोघी जाता जाता राहिलात. ते तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. म्हणून लिहायला बसले. सातवी पास बाई आहे मी, ऱ्हस्व-दीर्घ पाहू नकोस.

तुला आजोबा आठवतात ते म्हातारपणचे, गोळ्यांची डबी कंबरेला खोचलेले. मी सांगते ते त्याआधीचे. आम्ही त्यांचे भाडेकरू. सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे त्यांची लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती आणि टालीच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि हे राहत होतो. हे म्हणजे माझे यजमान, चौकातल्या दवाखान्यात कंपाउंडर. तुझ्या आजोबांना सगळेच मालक म्हणत. मला ते "कंपाउंडरीणबाई" म्हणत, जसं काही मी परीक्षा देऊन पास झाले होते.

आता मालक दिसायला कसे? बाभळीच्या फाट्यासारखे. उंच, वाळलेले, मनगटावरच्या शिरा मोजून घ्याव्यात. पण चालत कसे? दोन माणसांचं वजन असलेल्या माणसासारखे. पाय फाकवून, हळूहळू, एक हात भिंतीला. पायरी आली की थांबायचे, श्वास घ्यायचे, मग एक पाय उचलायचे. धोतर नेसत ते पोटाखाली, आणि पोट तर नव्हतंच. खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी आधी काहीतरी सावरायचे, मग बसायचे. नवा माणूस पाहतच राहायचा, की यांनी सावरलं काय?

त्यांनी सावरलं ते घराणं.

समोरच्या खोलीत तीन फोटो होते. त्यांचे वडील, आजे आणि पणजे. तिघांनाही मान नव्हती; डोकं सरळ खांद्यावर ठेवलेलं. कोटाची बटणं जीव मुठीत धरून बसलेली. मालक नव्या माणसाला आधी त्या फोटोंपुढे उभं करत. "हे आमचे पणजे. साडेतीन मण. चोपन्नाव्या वर्षी जेवता जेवता गेले. हे आजे. तीन मण अन् वर काही शेर. चोपन्न. हे वडील. चोपन्नच. तिघांचंही रक्त डोक्यात चढलं. आमच्या घराण्यात खानदानी प्रेशर आहे." एखादा आपल्या घराण्यातली तलवार दाखवतो तसं दाखवत. आणि तिसऱ्या फोटोच्या शेजारी भिंतीत एक मोकळा खिळा होता. तो स्वतःसाठी. मालक तेव्हा पन्नाशी ओलांडून चुकले होते. खिळ्यावरची धूळ ते स्वतः पुसत.

आता यातली गंमत ऐक. मालक दत्तक होते.

लपवाछपवी नव्हती बरं. आख्ख्या सक्करदऱ्याला माहीत. सावनेरकडच्या एका खेड्यातलं, फोटोतल्या वडिलांच्या लांबच्या ओळखीतलं पोर, चार-पाच वर्षांचं असताना आणलं, विधी केला, गोत्र बदललं, नाव बदललं, टाल नावावर झाली. मग खानदानी प्रेशर तुमच्याकडे आलं कुठून? हे मी एकदा विचारलं. नवी होते तेव्हा, तोंडाची मोकळी होते. ते जरासुद्धा रागावले नाहीत. अडाण्याला समजावतात तसं म्हणाले, "कंपाउंडरीणबाई, दत्तकविधान झालं की गोत्र बदलते. बदलते ना?"

"बदलते."

"सुतक बदलते?"

"तेही बदलते."

"मंग एवढं सारं बदलते त प्रेशर काहून नाही बदलणार?"

यावर तू काय बोलशील? मी तर चूल पेटली आहे म्हणून उठून आले.

दसऱ्याला सगळे शस्त्रं पुजतात, आमच्या टालीवर काटा पुजला जाई. तीन बल्ल्या उभ्या करून त्याला टांगलेला, साखळ्यांचा, एकेका पारड्यात गाईचं वासरू उभं राहील एवढा. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ; आणि मग पहिलं लाकूड चढायच्या आधी घरातलं माणूस न् माणूस पारड्यात बसायचं. किलो येऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरच्यांसाठी मालकांनी जुनी वजनं राखून ठेवली होती. घराण्याचं वजन किलोत कसं मोजायचं? वजनाचे आकडे कोळशानं टालीच्या भिंतीवर. एका पावसात धुवून जात, तरी दरवर्षी लिहीत.

आधी मालक बसत. धोतराचा सोगा, काठी, अंगावर घोंगडं घेऊन, दसऱ्याच्या उन्हात घोंगडं! तरी पारडं दीड मणाच्या वर जायचं नाही. मग काटा हलवून पाहायचे, गंज चढला म्हणायचे.

मग तुझा दिनूमामा. तो बसला की साखळी करकरायची आणि मालकांचा चेहरा फुलायचा. दिनू तेव्हा कॉलेजात, गोलमटोल, गालावर खळ्या. अगदी माईवर गेलेला. माई म्हणजे तुझी आजी. तिच्या माहेरी सगळे असेच भरलेले, हसरे, जेवणानंतर गुळाचा खडा लागणारे. पण मालक कोणाला म्हणून दिनू माईवर गेला असं म्हणू देत नव्हते. "पाहा, पाहा. पणज्यांचं वजन आहे हे." बाईच्या माहेराहून फक्त भांडी येतात असा त्यांचा समज होता.

शेवटी तुझी आई, कुसुम. ती पारड्यात बसायची आणि पारडं जागचं हलायचं नाही. मालक हसत हसत दोन शेर उतरवायचे, आणखी दोन उतरवायचे. "काडी आहे काडी. ही परक्याची पोर कशी आली बावा आमच्या घरी?" कुसुमही हसायची. तिला कोणी नीट पाहिलंच नाही गं. तोच उभा चेहरा, तेच लांब मनगट, त्याच शिरा. बाप घोंगड्यात गुंडाळून शेजारी उभा, आणि विचारतोय ही कोणाची!

एवढा अभिमान, तर मग जपतही असतील, नाही का? जपत, पण दिनूला. बिचाऱ्याचं खाणं बंद. मीठ नाही, तूप नाही, तर्री तर नावालाही नाही. उकडलेला दुधी आणि कोरडी भाकर. जिना चढायचा नाही, सायकल चालवायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही. आपल्याकडे पोह्यावर तर्री घातली नाही तर ते पोहे पोह्यातही धरत नाहीत, आणि हा पोरगा वीस वर्षांचा होऊन तर्रीला मुकलेला. मग तो मागच्या दारानं माझ्याकडे यायचा. "काकू, आज काय आहे?" पाटवडीचा रस्सा असला की त्याच्या डोळ्यांत पाणी. मी वाढायचे. देव मला काय शिक्षा देणार असेल ती देवो.

आता मशीनचं सांगते. यांच्या डॉक्टरांनी नवं घेतलं आणि जुनं, पाऱ्याचं, लाकडी पेटीतलं, यांना दिलं. त्याच्या रबराला पट्टी लावलेली होती, बाकी ठणठणीत. संध्याकाळी हे जेवायला बसायच्या आधी मी यांच्या दंडावर शिकायचे. पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबायचा, कानात नळ्या, आणि ठोका कधी सुरू होतो, कधी थांबतो ते ऐकायचं. हे म्हणत, "अवं, हात राहू दे, उद्या गोळ्या मोजायच्या आहेत." महिन्याभरात कान बसला. मग शेजारपाजारच्या बाया येऊ लागल्या.

मालकांना हे समजलं तसे ते धोतर बदलून, टोपी घालून माझ्या दारात. लग्नाला आल्यासारखे. दंड पुढे केला. मी पट्टा दोनदा गुंडाळला, एवढा बारीक दंड. पारा चढवला आणि सोडला, आणि ठोके सुरू झाले ते एकशे सत्तरच्या पुढेच. मी घाबरले. पुन्हा पाहिलं. तेच.

"मालक, तुमचं प्रेशर वाढलेलं आहे."

तो चेहरा मी विसरणार नाही. पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा! "खरं सांगता?" उठले, आणि अंगणातूनच ओरडले, "माई! ऐकलं का वं! मले प्रेशर आहे! खानदानी आहे!" माई पीठ मळत होती, ती म्हणाली, "मंग काय पेढे वाटू का?" त्यांनी खरंच वाटले. कोणी म्हणालं असेल की दत्तक पोराचं कसलं खानदान, कधी भावकीत, कधी पंगतीत. त्या सगळ्यांना आता पाऱ्यानं उत्तर दिलं होतं. तेव्हा मला हसू आलं. आता येत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं माणूस एका घरात राहतो आणि आपण याच घरचे आहोत याचा दाखला म्हणून आजार मिळाला तर पेढे वाटतो.

मग दिनूला बसवलं. त्याचं निघालं एकशे वीसच्या आत, घड्याळासारखं. मालक म्हणाले, "मशीन खराब आहे."

"आता तर तुमचं बरोबर दाखवलं."

"माझं बरोबर दाखवलं. मंग बिघडलं."

कुसुमचं लग्न तोवर झालं होतं. तिचं कोणी पाहायचं कारणच नव्हतं.

दरवर्षी संत्री निघाली की एक पाहुणा येई. वाळलेला, उंच, खांद्यावर संत्र्यांची टोपली. हे मालकांचे सख्खे भाऊ, सावनेरकडच्या त्या खेड्यातले. पण मालक त्यांना भाऊ म्हणत नसत. "सावनेरवाले पाहुणे" म्हणत. ओट्यावर बसवत, चहा देत आणि टालीवर काम आहे म्हणून निघून जात. फोटोतल्या वडिलांनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं, मागचं नाव काढायचं नाही. पोरानं ते पाळलं. जरा जास्तच पाळलं.

त्या वर्षी मी ओट्यावर वातींचा कापूस पिंजत बसले होते. पाहुण्यांशी कोणी बोलेना म्हणून मी बोलले. घरी कोण कोण असतं विचारलं.

"आता कोण राहिलं बाई," ते म्हणाले. "आमच्याकडे साऱ्या काड्याच. वजन नाही कोणाले. माय अशीच होती. रोज डोकं दुखे तिचं, पदर घट्ट बांधून कामं करे. एक दिवस चूल फुंकता फुंकता फुंकणी हातातच, अन् गेली. चाळिशी नव्हती झाली."

"आणि बहीण होती म्हणता?"

"होती. सगुणा. पह्यलं बाळंतपण. पायावर सूज, डोळ्यापुढे काजवे. मंग फिट आली. दोघंही गेले." संत्र्याची साल सोलत सोलत सांगत होते. "त्याले," टालीकडे पाहून म्हणाले, "त्याले कोणी सांगतलं नाही. त्याचं सुतक आमच्याकडचं नव्हतं ना."

मी कापूस पिंजायची थांबले. दत्तकाचं सुतक बदलतं हे मालकांनीच तर मला शिकवलं होतं. त्यापायी त्यांच्यापर्यंत बहिणीचं मरणच पोचलं नव्हतं. मी आतल्या आत ठरवलं की सांगायचं. पण उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. भाडेकरूनं मालकाच्या घरचं किती उकरायचं? ही माझी चूक. लिहून ठेवते.

पुढच्या उन्हाळ्यात कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना. पोट सोडलं तर बाकी तीच काडी. मे महिना, टालीवरची लाकडं उन्हानं तडकायची. दुपारी ती माझ्याकडे आली आणि ताक मागितलं. मी ताक द्यायला वाकले तर तिची जोडवी दिसली. बोटांत रुतून बसली होती. पाय असे सुजलेले की घोटाच नाही.

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले असतील. डोकं दुखते वं काकू, कवटी फुटंल असं. अन् कालपासून डोळ्यापुढे चमकते काहीतरी, काजव्यावानी."

माझ्या हातातला पेला खाली ठेवला मी. काजवे! पेटी काढली, पट्टा गुंडाळला. पारा चढवत गेले, चढवत गेले, ठोका काही थांबेना. एकशे नव्वदच्या वर. हे दवाखान्यात, आणि डॉक्टर तपासायला खेड्यावर गेलेले. मी पदर खोचला आणि टालीवर गेले. मालक खुर्चीत बसून आपल्या नसलेल्या पोटावर पंख्यानं वारा घालत होते.

"मालक, कुसुमला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्यायला पाहिजे. प्रेशर फार वाढलं आहे."

ते हसले. "कुसुमले? तिले काय होते? ती तर काडी आहे."

"मी आत्ता मोजून आले."

"मंग मशीनच खराब." आणि मग शांतपणे, बोटांवर मोजल्यासारखं सांगू लागले, "कंपाउंडरीणबाई, एक तर तिले वजन नाही. दुसरं, लग्न झालं, गोत्र बदललं तिचं. आता आमच्या घराण्याचं प्रेशर तिच्याकडे राहील कसं? असलं त दिनूले असंल. उन्हाचं डोकं दुखते. कांदा फोडून हुंगवा."

किती व्यवस्थित होता गं तो हिशेब! दत्तक आला की प्रेशर येतं, लेक गेली की प्रेशर जातं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की भाड्याच्या खोल्या गेल्या तर जाऊ देत म्हटलं.

"मालक, तुमची बहीण कशी गेली, ठाऊक आहे तुम्हाला?"

पंखा थांबला. "कोणती बहीण?"

"सगुणा. पहिल्या बाळंतपणात. पाय सुजले, काजवे दिसले, फिट आली, दोघं गेले. काडीच होती. तुमची आई तशीच गेली, डोक्याला पदर बांधून, चुलीपुढे. तीही काडीच. तुमचं प्रेशर या फोटोंचं नाही मालक, तुमच्या आईचं आहे. आणि कुसुम तुमच्यावर गेली आहे. बघा तरी तिच्याकडे."

ते एकदम उठले. काही सावरलं नाही, भिंत धरली नाही. सरळ घरात गेले. कुसुम माईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिचं मनगट त्यांनी हातात घेतलं, आपल्या मनगटाशेजारी धरलं. एवढंच. मग ओरडले, "दिनू! रिक्षा आण!"

दिनूनं सायकलरिक्षा आणली आणि बहिणीला फुलासारखं उचलून बसवलं. ज्याला जिना चढू देत नव्हते त्यानं! माई तिला धरून बसली. चढावर रिक्षावाला दमला की दिनू मागून ढकलायचा. आणि पुढे कोण? मालक. मे महिन्याच्या दुपारी, डोक्यावर टोपी नाही, धोतराचा काचा मारलेला, छत्री उभारून लेकीच्या तोंडावर सावली धरत रिक्षाच्या बाजूनं धावत होते. धावत! मी मागून पेटी घेऊन पळत होते आणि ते काही मला गाठता येईनात. पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, "अरे, हे टालीवाले होय ना? हे त चालतही नाहीत!"

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं कुसुमला आत घेतलं, इंजेक्शन दिलं आणि कागद घेऊन बाहेर आली. "घराण्यात कोणाला ब्लडप्रेशर आहे?"

हा प्रश्न ऐकायला मालक आयुष्यभर थांबले होते. सवयीनं सुरूही झाले. "आमचे पणजे, साडेतीन मण, चोपन्नाव्या..." आणि थांबले. घाम टपकत होता. म्हणाले, "नाही. ते खोडा. ते तिचे नाहीत. मी दत्तक आहे." हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. "माझ्या मायले होतं. माझ्या बहिणीले होतं, ती अशीच बाळंतपणात गेली. अन् मले आहे. लिहा. बहिणीचं नाव सगुणा."

"नावाची गरज नाही, बाबा."

"असू द्या. लिहा."

तिनं लिहिलं. म्हणाली, बहिणीचं सांगितलंत ते बरं केलं, आता आम्ही हिला डोळ्याआड होऊ देणार नाही. मालक भिंतीला पाठ लावून खाली बसले. माई आपल्या पदरानं त्यांचं डोकं पुसत राहिली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस. दीड महिना आधी, कापसात गुंडाळलेली, रडायलाही जोर नाही. तुझ्या आईचा पारा उतरायला आठवडा लागला.

त्या दसऱ्याला काट्यावर पहिली तू चढलीस. मालकांनी वाणसामानाचा छोटा काटा मागून आणला होता, मोठ्या काट्याला तू कळलीच नसतीस. कोळशानं भिंतीवर तुझा आकडा लिहिला आणि वर पाहून सगळ्यांना म्हणाले, "काडी आहे. जपा तिले."

त्यानंतर ते बदलले का? माणूस एवढा कशाला बदलतो! सावनेरला गेले मात्र, एकटे, भावाकडे. परत आले तेव्हा हातात कागदात गुंडाळलेली एक वस्तू. आईचा फोटो कुठून असणार? फुंकणी होती, चुलीची, एका टोकाला काळी झालेली. ती त्यांनी समोरच्या खोलीत त्या मोकळ्या खिळ्यावर टांगली. तीन लठ्ठ माणसं कोट घालून, आणि शेजारी फुंकणी. नवा माणूस विचारायचा, हे काय? मालक म्हणायचे, "ही आमची माय." संत्र्यांची टोपली आली की पाहुणे आता आत, पाटावर बसायचे.

दिनूला तर्री मिळाली. पंक्तीत बसून, उजळ माथ्यानं. प्रेशर त्याला कधी झालं नाही. चाळिशीनंतर साखर निघाली, ती माईच्या माहेरची. भांड्यांबरोबर तीही आली होती, कोणी विचारलंच नव्हतं.

आणि मालकांचं चोपन्नावं वर्ष? ते आलं आणि गेलं. रोज एक गोळी, लोणचं बंद, आणि मी महिन्याला पारा पाहायचे. पंचावन्न लागलं त्या दिवशी ते जरा ओशाळलेले दिसले. फोटोंपुढे उभे राहून म्हणाले, "मी थांबतो थोडा. पोरगी लहान आहे." मग मात्र पुन्हा नव्या भाडेकरूंना पकडून सांगू लागले, "मी काही साधासुधा माणूस नाही. दोन-दोन घराण्यांचं प्रेशर एकटा सांभाळून राहिलो." तू मॅट्रिकला होतीस तेव्हा गेले, निमोनियानं. तो दोन्ही घराण्यांत कोणालाच झालेला नव्हता. असते तर फार चिडले असते.

शेवटच्या महिन्यात मला म्हणाले होते, "कंपाउंडरीणबाई, काडी मोठी झाली की तिचा दंड पाहात जा. ती ऐकणार नाही. माझ्यावर गेली आहे." मी हो म्हटलं. तेवढं एक काम माझ्याकडे राहिलं आहे.

तर ये वं पोरी. ऑटो दारात थांबवून नको, सोडून ये. मशीनच्या रबराला नवी नळी बसवून घेतली आहे आणि पारा अजून खरं बोलतो. पाटवडीचा रस्सा करीन, तुझ्या वाट्याला मीठ जरा कमी. आणि बाही सैल असलेलं काहीतरी घालून ये, आधीच सांगून ठेवते, म्हणजे तेही निमित्त नको. या रविवारीच ये.